बर्गनला पोचशील त्या संध्याकाळी

चिरंजीवास,

अनेक आशीर्वाद.

तुझं वेळापत्रक मिळालं. बँकेत एवढी वर्षं काढूनही इतका नेटका तक्ता मी कधी केला नाही. सहा दिवस, प्रत्येक दिवसाला प्रवास, मुक्काम, जेवण आणि इतर असे रकाने, खाली बेरीज. बेरीज मी पुन्हा करून पाहिली (सवय जात नाही), ती बरोबर आहे. फक्त पहिल्या दिवसाच्या 'इतर'समोर तू शून्य टाकलं आहेस, त्याबद्दल हे पत्र.

२०१४ च्या सप्टेंबरात मी नॉर्वेतल्या बर्गनला गेले तेव्हा माझ्याही वहीत तिथे शून्यच होतं. मी चिपळूणची. आमच्याकडे पावसाळ्यात वाशिष्ठी बाजारपेठेत येऊन जाते. त्यामुळे युरोपातलं सगळ्यात पावसाळी शहर वगैरे वाचून मला हसूच यायचं. मी काय नेलं होतं ते सांगते: घडीची छत्री, जीन्स दोन, कॅनव्हासचे बूट, आणि वर घालायला कॉलेजच्या वेळचं जाकीट. संध्याकाळी उतरले तेव्हा नुसती भुरभुर होती. शहरात बसने आले, टॅक्सीवाल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि नकाशा धरून चढाच्या रस्त्याने चालू लागले. दुसऱ्या वळणावर वाऱ्याने छत्री उलटी केली. तिसऱ्या वळणावर तिच्या दोन काड्या सुटल्या. रस्त्यावरच्या कचरापेटीत आधीच तीन छत्र्या डोकं खाली करून पडलेल्या होत्या, त्यांत माझी चौथी. हॉस्टेलवर पोचले तर दाराला कुलूप. रिसेप्शन अमुक वाजता बंद होतं, उशिरा येणार असाल तर आधी कळवा, दाराचा कोड पाठवू, असं त्यांनी मेलमध्ये लिहिलं होतं. मी ती मेल मुंबईच्या विमानतळावर वरवर चाळली होती. चूक सरळ माझी.

मग काय केलं? शांतपणे विचार केला असता तर फोन करता आला असता, दाराशी येणाऱ्या एखाद्या पोराला विचारता आलं असतं. पण जीन्स पायाला चिकटलेली, बुटात पाणी, दात वाजताहेत. त्या अवस्थेत पहिलं जे उजेड असलेलं हॉटेल दिसलं त्यात शिरले आणि हॉस्टेलच्या चार रात्रींचे पैसे एका रात्रीसाठी मोजले. वर खाली जाऊन तिथेच गरम सूप प्यायले, त्याचं बिल आजही आठवतं. सकाळी नवी छत्री घेतली. तीही दोन दिवसांत गेली. आठवडाभर ब्रेड आणि केळी खाऊन जे वाचवलं असतं ते सगळं पहिल्या तीन तासांत गेलं होतं.

तेव्हापासून माझं असं झालं आहे की कोणी कमी पैशांत फिरायचं कसं विचारलं तर मी आधी त्याचे मोजे पाहते. भिजलेल्या, थंडीने काकडलेल्या आणि भुकेल्या माणसाला हिशेब सुचत नाही. समोर येईल ती वस्तू तो मागतील त्या किमतीला घेतो. म्हणून तुझे पैसे वाचवायची जागा मधले पाच दिवस नाहीत, ती पहिली संध्याकाळ आहे.

आता पावसाचं. आपल्याला तो कळतो असं आपल्याला वाटतं, आणि निम्मं ते खरंही आहे. समुद्रावरून ओला वारा येतो, डोंगर आडवा येतो, वारा वर चढतो, थंड होतो आणि सगळं तिथेच ओततो. सह्याद्रीत होतं तेच. बर्गनच्या पाठीशी सात डोंगर आहेत आणि समोर उत्तर अटलांटिक. वर्षाला साधारण सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे मुंबईला चार महिन्यांत पडतो जवळपास तेवढाच, आणि चिपळूणपेक्षा बराच कमी. पण तो बारा महिन्यांत वाटून पडतो, वर्षातले दोनशेहून अधिक दिवस. २००६ च्या ऑक्टोबर अखेरीपासून २००७ च्या जानेवारीपर्यंत तिथे सलग ८५ दिवस रोज पाऊस झाला, त्याचं तिथल्या लोकांना आता थोडं कौतुकच आहे.

मला जे कळलं नव्हतं ते वेगळंच होतं. आपला पाऊस कोमट असतो. जुलैत आपण भिजतो, अंगावरच वाळतो, वर टपरीवर चहा आणि भजी खातो. तिथे सप्टेंबर अखेरीला दिवसा दहा-बारा अंश, रात्री त्याहून कमी, आणि वर वारा. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब काढून घेतं. माझी जीन्स तीन दिवस वाळली नाही. तिसऱ्या दिवशी तिला आपल्या श्रावणातल्या टॉवेलासारखा वास येऊ लागला तेव्हा मी ती टाकून दिली.

तेव्हा जीन्स घरी. अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिक बनियन, पायात लोकरीचे मोजे तीन जोड, वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट आणि, विसरू नकोस, रेन पँट. लोक जाकिटावर हजारो घालवतात आणि खालचं अर्धं शरीर देवावर सोडतात. महागडी घ्यायची गरज नाही. बाइकवर घालायचा चांगला रेनसूट मिळतो ना आपल्याकडे, त्याची पँट चालते. दिसायला वाईट, पण तिथे तुला कोण बघतंय. सॅकच्या वरच्या कव्हरवर विसंबू नकोस, वाऱ्याने ते फुग्यासारखं वर येतं. सॅकच्या आतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी लाव, राजगडला पावसाळ्यात जाताना लावता तशी, आणि सगळे कपडे तिच्यात. पासपोर्ट वेगळ्या झिपच्या पिशवीत. छत्री नेऊच नकोस.

एक कोरडा जोड, म्हणजे मोजे, बनियन, पायजमा, हातातल्या बॅगेत ठेव. सॅक चेक-इन केलीस आणि ती मागच्या विमानाने आली तर? माझ्या दुसऱ्या खेपेला तसंच झालं, आणि मी त्या पायजम्यात एक अख्खा दिवस काढला.

लोकरीचा स्वेटर मात्र इथून नेऊ नकोस, ओझं होतं. बर्गनला फ्रेटेक्स म्हणून साल्व्हेशन आर्मी या सेवाभावी संस्थेची जुन्या कपड्यांची दुकानं आहेत. तिथे लोकांनी दिलेले जाडजूड स्वेटर नव्याच्या मानाने फार स्वस्तात मिळतात. मी घेतलेला अजून आहे. पुण्याच्या थंडीत तो घालायची वेळ येत नाही हा भाग वेगळा.

कागदपत्रांबद्दल जास्त लिहीत नाही, तू व्हिसा काढलास म्हणजे निम्मं तुला पाठ झालं असेल. एवढंच लक्षात ठेव की नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे. तू फ्रँकफर्टला विमान बदलणार म्हणजे तुझी चौकशी फ्रँकफर्टलाच होणार, बर्गनला नाही. परतीचं तिकीट, मुक्कामाचं बुकिंग आणि विम्याचा कागद छापून हातातल्या बॅगेत ठेव. आणि तुझी आई तुपाची बरणी आणि पेढे देईल, ते नम्रपणे परत कर. बाहेरून येणाऱ्याला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत नेता येत नाहीत. भाजणी, मेतकूट, चटणी, पोहे यांना हरकत नाही.

आता तुझा पहिला दिवस, तासातासाने.

पावणेसातला उतरशील. विमानतळाबाहेर आलास की समोर टेकडीवर भलीमोठी अक्षरं दिसतील: 'बर्गन?' हो, प्रश्नचिन्हासकट. एका आइसलँडिक कलावंताची ती कलाकृती आहे. माझ्या पहिल्या खेपेला ती नव्हती, २०१९ ला गेले तेव्हा पाहिली आणि पावसात उभी राहून एकटीच हसले. तो प्रश्न मी पाच वर्षांपूर्वी विचारायला हवा होता.

तिथूनच ट्राम सुटते, ब्युबानन म्हणतात तिला. २०१७ पासून ती थेट विमानतळापर्यंत येते. शहराच्या मध्यावर ब्युपार्कन हे शेवटचं स्थानक, पाऊण तास लागतो. विमानतळाची खास बस थोडी लवकर नेते पण तिचं तिकीट कितीतरी पट आहे. ट्रामचं तिकीट आत मिळत नाही. फलाटावरच्या यंत्रावर किंवा फोनवरच्या ॲपवर आधी काढायचं. कोणी विचारत नाही म्हणून तसाच बसू नकोस. तपासनीस अचानक चढतात आणि दंडात तुझे दोन दिवस जातील. रोख क्रोनर, म्हणजे तिथलं चलन, नेण्याच्या भानगडीत पडू नकोस, सगळीकडे कार्ड चालतं. यंत्राने 'रुपयांत की क्रोनरमध्ये?' असं विचारलं तर क्रोनर म्हण, रुपयांचा दर ते आपल्या सोयीने लावतात.

शहरात पोचेपर्यंत आठ वाजून जातील, अंधार झालेला असेल आणि बहुधा पाऊस असेल. तुझ्या तक्त्यात लिहिलंय 'रात्री: सुपरमार्केटमधून ब्रेड, अंडी, दूध'. बाळा, तारीख पाहिलीस का? तो रविवार आहे. नॉर्वेत रविवारी मोठी किराणा दुकानं बंद असतात. छोटी काही उघडी असतात, पण तिथे त्याच ब्रेडचे जास्त पैसे. म्हणून पहिल्या रात्रीचं आणि दुसऱ्या सकाळचं खाणं सॅकमध्ये असू दे. दडपे पोहे नाही म्हणत मी, पण भाजलेल्या रव्याचा तयार उपमा नुसत्या उकळत्या पाण्यात होतो. चार ठेपले मागून घे शेजारच्या काकूंकडून.

त्या रात्रीचा पलंग आधी पैसे भरून घेतलेला असावा, आणि तो ट्रामच्या थांब्यापासून दहा मिनिटांत असावा. तू जे हॉस्टेल निवडलं आहेस ते स्वस्त आहे खरं, पण डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि पुढे दुसरी बस. दुसऱ्या रात्रीपासून खुशाल तिथे जा. पहिली रात्र मध्यवस्तीत काढ, चारशे-पाचशे रुपये जास्त गेले तरी. हे पैसे त्या शून्याच्या जागी लिही. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना मेल कर की मी नऊच्या सुमारास येतोय, दाराचा कोड द्या. उत्तर आलं की त्याचा फोटो काढून ठेव, कारण नेमकं त्या वेळी नेट चालत नाही.

पोचलास की खोली पाहण्याआधी वाळवणीची खोली कुठे आहे ते विचार. तिकडच्या बऱ्याच हॉस्टेलांत असते, उबदार, दोऱ्या बांधलेली, भिजलेल्या बुटांच्या वासाने भरलेली. बुटातलं आतलं पान काढ, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंब, तासाभराने बदल. रेडिएटरवर बूट ठेवू नकोस, तळ सुटतो. मग अंघोळ, कोरडे मोजे आणि उपमा. त्या रात्री कुठेही फिरायला बाहेर पडू नकोस, खिडकीतून शहर कितीही छान दिसत असलं तरी. काही ठिकाणी चादरीचे पैसे वेगळे घेतात. आईची जुनी सुती साडी दुमडून तीन बाजूंनी शिवून घे, झोपायची पिशवी तयार होते आणि वजन काहीच नाही.

स्वयंपाकघराबद्दल एक. फोडणी करू नकोस. २०१९ ला मला मसुराची आमटी करायची हौस आली. तेल तापलं, मोहरी तडतडली, मिरची पडली आणि छताची धुराची घंटा अशी काही वाजू लागली की चार मजल्यांवरचे लोक अंथरुणातून उठून पावसात अंगणात उभे राहिले. त्यात एक वयस्कर जर्मन जोडपं होतं. त्यांच्याकडे पुढचे दोन दिवस मी पाहू शकले नाही. आमटी मात्र नंतर सगळ्यांनी खाल्ली.

सोमवारी दुकानं उघडली की किवी किंवा रेमा १००० मध्ये जा. किवीत 'फर्स्ट प्राइस' असं लिहिलेला माल सगळ्यात स्वस्त. टोरो नावाची सुपाची पाकिटं मिळतात, ती मूळची बर्गनचीच. माशांच्या सुपाचं पाकीट, त्यात एक बटाटा आणि गोठवलेली मासळी टाकलीस की दोन वेळचं जेवण होतं. पाणी विकत घेऊ नकोस, नळाचं उत्तम आहे. बाटली किंवा कॅन घेतलाच तर रिकामा टाकू नकोस, दुकानातल्या यंत्रात परत दिलास की दोन-तीन क्रोनर मिळतात. दुपारचा डबा सोबत घेऊन निघायची तिथल्या लोकांचीच पद्धत आहे, मोठे मोठे साहेबसुद्धा कागदात गुंडाळलेला ब्रेड काढून खातात, तेव्हा बाकावर बसून खाताना संकोच नको. बंदरावरचा मासळीबाजार बघ जरूर, पण जेवू नकोस. तिथल्या ताटाची किंमत ऐकून मला रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराची अशी आठवण आली की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

हवामानासाठी 'यर' हे नॉर्वेचं सरकारी ॲप पाहा. सह्याद्रीत फिरणारे बरेच जण तेच वापरतात, तुझ्याकडे असेलही. नॉर्वेजियन भाषेत या शब्दाचा अर्थच भुरभुर पाऊस. त्यात दिवसभराचं चित्र पाहू नकोस, तासातासाचं पाहा. तिथला पाऊस मधून मधून श्वास घेतो, त्या दोन तासांत डोंगर चढायचा.

फ्लॉयन डोंगरावर १९१८ पासून चालणारी रेल्वे आहे, दोरीवर ओढली जाणारी, आणि तिच्या दाराशी मोठी रांग असते. तू पायी जा. शहरातूनच वाट निघते, तासाभरात वर पोचशील, फुकट. उल्रिकन जास्त उंच, ६४३ मीटर. त्याच्या वाटेवरच्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्या आहेत, हजाराहून जास्त. त्यावरून चढताना पाऊल कसं बरोबर पडतं ते पाहा. ज्याने आयुष्यभर ओझं घेऊन डोंगर चढला त्यालाच एवढी नेमकी पायरी सुचते.

तंबूबद्दल विचारलं होतंस. नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने मोकळ्या रानात कोणालाही फिरण्याचा आणि मुक्कामाचा हक्क आहे. घरापासून दीडशे मीटर दूर राहायचं, एका जागी दोन रात्रींहून जास्त नाही. कायदा सुंदर आहे. पण तुझा तंबू भीमाशंकरला गळला होता हे तूच मला सांगितलं आहेस.

आणि जेव्हा पाऊस श्वास घेत नाही तेव्हा? रेल्वे स्थानकाला लागूनच सार्वजनिक ग्रंथालय आहे, दगडी, जुनं, आतून उबदार. कोणी ओळखपत्र विचारत नाही, पैसे मागत नाही. मी तिथे दोन दुपारी काढल्या. शेजारी एक आजोबा रोज येऊन तेच वर्तमानपत्र वाचायचे आणि टोपी रेडिएटरवर वाळत घालायचे.

दुसरी जागा ब्रिग्गन. बंदराच्या काठची ती लाकडी, तिरकी घरं तुला चित्रांतून माहीत असतील. १९७९ पासून जागतिक वारशात आहेत. १७०२ च्या आगीनंतर जुन्याच धर्तीवर उभारलेली. पुढची दुकानं सोड, मधल्या बोळांत शिर, लाकडाला डांबराचा आणि ओलीचा वास येतो. हान्सा या व्यापारी शहरांच्या संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांची पेढी इथे चौदाव्या शतकापासून चारशे वर्षं होती. त्यांचा धंदा सुक्या माशाचा. वर लोफोटन बेटांवर कॉड मासा मीठ न लावता नुसत्या थंड वाऱ्यावर सुकवायचा आणि बर्गनमार्गे साऱ्या युरोपला विकायचा. आपले बोंबील वलांडीवर टांगलेले आठव, फक्त हातभर लांबीचे.

या लाकडी घरांत आगीच्या भीतीने चूल पेटवायला बंदी होती. जर्मनीहून आलेली चौदा-पंधरा वर्षांची पोरं, शिकाऊ उमेदवार, हिवाळाभर शेकोटीशिवाय तिथे झोपत. ऊब फक्त मागच्या बाजूच्या वेगळ्या सभाघरांत, शोत्स्तूएने म्हणतात त्यांना. तिथे चूल, तिथे जेवण, तिथे दिवा, आणि तिथेच सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचं. मी ते दालन पाहिलं तेव्हा माझे बूट भिजलेलेच होते. त्या लांब बाकांकडे पाहताना वाटलं, कागदांवर या पोरांच्या मालाचं वजन आणि भाव लिहिलेले सापडतात, पण आल्या आल्या पहिल्या रात्री त्यांनी ओले मोजे कुठे टाकले असतील ते कोणी लिहिलेलं नाही. तिकीट आहे त्या दालनांना. तुझ्या तक्त्यात नाही, घाल.

पोचल्यावर आईला फोन कर. तिथे नऊ वाजले असतील तेव्हा इथे साडेबारा होतात, पण ती जागी असेल. आधी कपडे बदल, मग कर. आवाजावरून तिला सगळं कळतं.

मेतकुटाची पुडी सोबत पाठवली आहे. कपड्यांच्या पिशवीत ठेवू नकोस, वेगळी बांध. येताना टोरोच्या माशाच्या सुपाची दोन पाकिटं आण, पैसे देईन.

तुझी,
मावशी